गाळलेलं घर

चित्र काढताना मागे कोणी उभं राहिलं की माझं डोकं फिरतं. दिंडोशीच्या टेकडीसमोर कठड्यावर बसून मी पेन्सिलीने कच्चं रेखाटन करत होतो आणि पाठीमागे उभं असलेलं कुणीतरी हलतच नव्हतं. मी पिशवीचा पट्टा गुपचूप पायात अडकवला.

रंग लावण्याआधी मी अशी तीन-चार रेखाटनं करतो. उजेड कुठून येतो, काय ठेवायचं, काय गाळायचं, हे इथेच ठरतं. नंतर कॅनव्हासवर घोळ होत नाही. त्या दिवशी उतारावरची घरं फारच दाटीने येत होती, म्हणून मधलं निळ्या पत्र्याचं घर मी सरळ उडवलं. चित्र सुटसुटीत झालं. मी स्वतःवर खूश होतो.

"माझं घर कुठाय?"

साठीच्या एक बाई वहीकडे रोखून बघत होत्या.

"मावशी, हे नुसतं चित्र आहे."

"मग बाजूवालीचं हाय, माझंच कसं नाय? कोणी पाठवलं तुम्हाला?"

"कोणी नाही. माझं चित्र आहे, मला हवं ते मी गाळीन!"

इथे माझी वाट लागली. दोन-तीन माणसं जमली. एकाने ओळखपत्र मागितलं. हे आता वही हिसकावणार, असं वाटून मी ती छातीशी धरली.

बाई मात्र हळू आवाजात म्हणाल्या, "गावाला भावाच्या तेराव्याला गेलते. तेवढ्यात झोपड्या मोजणारे सर्व्हेवाले आले. कुलूप बघितलं आणि घरच नाय लिहिलं. तीन वर्षं झाली, पक्क्या घराच्या यादीत नाव नाय."

मला लाज वाटली. संशय तरीही गेला नाही. हा कागद पुरावा म्हणून घेऊन ही बाई कुठल्या साहेबासमोर उभी राहिली तर? पण मी खोडरबर काढलं, त्या सुंदर मोकळ्या जागेतल्या रेषा खोडल्या आणि निळ्या पत्र्याचं घर बसवलं.

त्यांनी वाकून पाहिलं. "दरवाजा बंद काढलाय."

"इथून बंदच दिसतोय ना, मावशी."

"थांबा. जाऊ नका."

त्या भराभर उतरून समोरचा चढ चढल्या. थोड्या वेळाने त्या घराच्या दाराची दोन्ही कवाडं सताड उघडली. बाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या आणि मी पेन्सिल खाली ठेवेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.