बारा नंबरच्या चौकीचा हुकूम

जयवंतराव इंगळ्यांच्या घरात वाण्याची यादीसुद्धा दोनदा वाचली जायची. सून प्रतिमा यादी लिहायची आणि हे खुर्चीतून म्हणायचे, "परत वाच." "अहो बाबा, तूरडाळ आणि साबण. त्यात काय परत वाचायचं?" असं म्हणत ती वाचायची. शेवटी "बरोबर" आलं की मगच पिशवी घेऊन बाहेर पडायचं. माहेरी गेली की ती सासऱ्यांची नक्कल करायची म्हणे. करू दे बापडी. बावीस वर्षं फौजेत वायरलेसवर काढलेल्या माणसाची सवय होती ती. तिथला नियमच तसा. निरोप घेणाऱ्याने तो शब्दन् शब्द परत म्हणायचा, पाठवणाऱ्याने 'बरोबर' म्हणायचं, आणि तेव्हाच निरोप पोचला असं धरायचं. जे परत वाचलं तेच कागदावर असणार, यात जयवंतरावांना आयुष्यात कधी शंका आली नाही.

बडोद्यातल्या मांजलपूरच्या त्या सोसायटीत फौजेतला माणूस हा एकटाच. त्यामुळे पंधरा ऑगस्टला झेंडा फडकवायचा मान बारा वर्षं ह्यांचा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, छातीवर पदकं, आणि चालणं असं ताठ की पोरंटोरं मागून लेफ्ट-राइट करत यायची. अलीकडे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. फोनवरची अक्षरं दिसेनात. ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं होतं. तोवर फोनवर काही लिहायचं-वाचायचं असेल तर ते मुलगा करायचा. मुलगा विश्वास. सोसायटीतच गणिताचे क्लास घ्यायचा.

आता थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मांडवीजवळच्या एका आखाड्यात दोन पोरं एकाच मातीत घुमायची, जयवंत इंगळे आणि लक्ष्मण घाटगे. एकाच दिवशी भरती झाले, एकाच शाळेत वायरलेस शिकले. पुढे नव्वदीच्या दशकात त्यांची तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून आफ्रिकेत गेली. डोक्यावर निळी टोपी. लक्ष्मण नदीपलीकडच्या बारा नंबरच्या चौकीवर, जयवंत मुख्य तळावर. चौकीच्या कुंपणाला लागून एक दवाखाना होता आणि त्यात जीव मुठीत धरून आलेली तीनेकशे माणसं. एक दिवस दुपारी कर्नलसाहेबांनी एक कागद जयवंतच्या पुढ्यात ठेवला. त्याने तो वाचून पाठवला. बारा नंबर चौकीने सहाच्या आत चौकी सोडावी. गाड्या येणार नाहीत. नदीच्या वाटेने पायी यावं. लक्ष्मणने सगळा निरोप परत म्हटला. जयवंतने 'बरोबर' म्हटलं. मग नियम मोडून लक्ष्मण मराठीत बोलला, "जयवंता, दवाखान्यातल्या माणसांचं काय?"

"हुकूम एवढाच आहे," जयवंत म्हणाला.

नदीच्या वाटेवर लक्ष्मणला गोळी लागली. दवाखान्याचं काय झालं ते दुसऱ्या दिवशी कळलं, आणि ते जयवंतरावांनी कोणालाच कधी सांगितलं नाही. पुढे चौकशी झाली. जयवंतला एकच प्रश्न विचारला, त्या दिवशी सेट चालू होता का? चालू होता, साहेब. विचारलं तेवढंच उत्तर, फौजी माणूस तो. निरोपांचं लॉगबुक नियमाप्रमाणे जमा केलं, नक्कल ठेवायची नसते म्हणून ठेवली नाही. बडोद्याला आल्यावर मात्र पहिल्यांदा सुभानपुऱ्यात लक्ष्मणच्या घरी गेला. त्याच्या बायकोला, सरोजिनीवहिनींना म्हणाला, "वहिनी, त्याने हुकूम पुरा परत वाचला आणि पुरा पाळला." वहिनी शाळेत शिक्षिका. एका मुलीला, नयनाला, त्यांनी एकटीने वाढवलं, लग्न करून दिलं, आणि पुढे नयनाच्या घरातच राहायला गेल्या. दिवाणखान्यात लक्ष्मणचा वर्दीतला फोटो. सगळं त्या एका वाक्यावर उभं होतं.

ते कर्नलसाहेब पुढे जनरल झाले, निवृत्त झाले, आणि टीव्हीवर बसू लागले.

कुठल्याशा देशात पुन्हा शांतिसेना पाठवायची का, यावर तेव्हा रोज संध्याकाळी चर्चा चालायच्या. जनरलसाहेब बोलायचे छान. "परक्याच्या भांडणात मधे उभं राहायचं, हातात बंदूक, पण घोडा ओढायला परवानगी न्यूयॉर्कहून," असं म्हणायचे. जयवंतरावांना ते पटायचं. सोसायटी तर वेडी झाली होती. चेअरमन भास्करराव, बँकेतून निवृत्त, उभ्या जन्मात हातात काठीदेखील न धरलेले, त्यांनी जनरलसाहेबांच्या नावाने फोनवर ग्रुप काढला. त्यात साडेचारशे माणसं. मांजलपूरची, सुभानपुऱ्याची, आणि लक्ष्मणचा नातूसुद्धा. साहेबांना सोसायटीत बोलवायचं घाटत होतं. म्हणून ऑगस्टच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी हॉलमध्ये जमून त्यांचा कार्यक्रम बघायचा ठरलं. जयवंतरावांना पहिल्या रांगेत बसवलं. ह्यांनी साहेबांच्या हाताखाली काम केलेलं ना.

साहेब त्या दिवशी रंगात आले होते. शांतिसेना का फसते, तर हुकूमशाहीने नाही, राजकारणाने नाही, म्हणाले, ती बेशिस्तीने फसते. "माझ्याच हद्दीत एका चौकीची माणसं हुकुमाशिवाय चौकी टाकून निघाली. शेजारच्या दवाखान्यातली माणसं मारली गेली. चौकीवरचा एक जण पळताना मेला. मी कधी नाव घेतलं नाही, घेणारही नाही." अँकरने मान खाली घातली. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. केवढं मन म्हणे, नावसुद्धा घेत नाही.

जयवंतराव उभे राहिले. "हुकूम दिला होता," ते म्हणाले. "ह्यांनीच दिला. मी पाठवला."

टाळ्या थांबल्या. मागून कोणीतरी गुजरातीत बसवू पाहिलं, "काका, बेसो ने." भास्करराव हसत आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जयवंतराव, तीस वर्षं झाली. होतं असं कधीकधी." जयवंतरावांनी तो हात बाजूला केला आणि घरी आले.

मग ग्रुपवर जे सुरू झालं ते काय सांगावं. उचलली जीभ लावली टाळ्याला. काकांना कोणी फूस लावली, काका कोणाच्या सांगण्यावरून बोलतात, फौजेची बदनामी करणाऱ्याने झेंड्याला हात लावायचा का. हे कोण लिहीत होतं? तर ज्यांनी आयुष्यात एकदा रात्रीची ड्युटी केली ती नवरात्रात गरब्याच्या पार्किंगवर. आणि ज्याच्या छातीवर पदकं होती तो म्हणे फौजेचा वैरी. मला विचाराल तर माणसांना फौज हवी असते ती टीव्हीवर बोलणारी. शेजारच्या घरात राहणारी नको असते.

मंगळवारी सरोजिनीवहिनींचा फोन आला. त्या रडत नव्हत्या. "भावजी, पळताना मेला म्हणाले ते टीव्हीवर. मी स्वतः ऐकलं," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "नयनाचा मुलगा मला विचारतो, आजी, आजोबा पळाले होते का? मी सांगून त्याला पटत नाही. तो जो ग्रुप बघतो त्यावर तुम्ही लिहा. तुमच्या नावाने. तुम्ही तिथे होतात."

"आज लिहितो, वहिनी."

चौकशीत जे बोललो नाही ते आता बोलायचं, असं त्यांनी मनाशी धरलं. हे एवढं झालं की लक्ष्मणचं देणं फिटलं, असं त्यांना फार वाटत होतं. त्यांनी विश्वासला बोलावलं. "लिही," म्हणाले, आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "बारा नंबरची चौकी सोडायचा हुकूम कर्नलसाहेबांनी दिला. तो मी स्वतः वायरलेसवर पाठवला. हवालदार लक्ष्मण घाटगे यांनी तो परत वाचला आणि पाळला. पळून कोणी गेलं नाही. जयवंत इंगळे."

विश्वास बराच वेळ बोटं चालवत होता.

"परत वाच."

विश्वासने वाचलं. शब्दन् शब्द तेच, काना-मात्रेचा फरक नाही. आवाज जरा बसल्यासारखा होता, पण पोराला दोन दिवस सर्दी होती.

"बरोबर," जयवंतराव म्हणाले. "पाठव."

बुधवार उजाडला आणि चमत्कार झाला. दूधवाल्याच्या रांगेत माणसं पुन्हा केम छो म्हणू लागली. एक बाई वाटीभर शिरा घेऊन आल्या. भास्करराव स्वतः घरी आले, पाया पडले. "जयवंतराव, तुमचं मन मोठं. ते वाचून डोळ्यांत पाणी आलं. झेंडा यंदाही तुम्हीच फडकवायचा." जयवंतरावांना वाटलं, बघा, खरं बोललं की माणसं ऐकतात. उगीच इतकी वर्षं तोंड शिवून बसलो. त्या रात्री ते दोन पोळ्या जास्त जेवले. प्रतिमाने वाढताना वर पाहिलं नाही.

पंधरा ऑगस्टला झेंडा फडकला. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी भाषण केलं, खरा सैनिक तोच जो चूक कबूल करतो, असं काहीसं. जयवंतरावांना वाटलं, साहेबांबद्दल बोलतात. त्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी शर्टाला कागदाचा तिरंगा लावला.

अकरा वाजता दाराशी रिक्षा थांबली. सरोजिनीवहिनी जिना चढून आल्या, दम खात खुर्चीवर बसल्या. प्रतिमाने पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"भावजी, एकच विचारायला आले. तुम्ही मला तीस वर्षं जे सांगत होतात, ते माझं मन राखायला सांगत होतात का?"

"म्हणजे काय, वहिनी?"

त्यांनी फोन काढला, चष्मा लावला आणि बाईंनी वर्गात वाचावं तसं स्वच्छ वाचलं. "रविवारी मी बोललो त्याबद्दल सर्वांची माफी मागतो. वयोमानामुळे आठवणीत गोंधळ होतो. असा हुकूम गेल्याचं मला नक्की आठवत नाही. जनरलसाहेब सांगतात तेच खरं. जयवंत इंगळे."

जयवंतराव म्हणाले, "परत वाचा."

त्यांनी परत वाचलं.

विश्वास आतल्या दारात उभा होता. "बाबा, क्लासमधली अकरा मुलं काढून घेतली होती," तो म्हणाला. "उरलेल्यांचे आईबाप फोन करत होते. तुमचं काय, तुम्ही बोलून मोकळे. राहायचं आम्हाला आहे इथे." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. त्याचाच तर राग येतो. कुंपणच शेत खातं म्हणतात, पण कुंपणालाही दोन वेळचं पोट असतं, आणि म्हणून शेत वाचत नाही.

जयवंतरावांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. तसंही त्यांना तो धुरकटच दिसत असणार. "वहिनी, पेन आहे?" त्यांनी विचारलं. वहिनींनी पर्समधून डायरी काढली. त्यांनी सांगितलं, तारीख, वेळ, कर्नलसाहेबांचं नाव, मूळ हुकूम जसा होता तसा हिंदीत, आणि शेवटी लक्ष्मणने मराठीत विचारलेला प्रश्न. तो प्रश्न वहिनींनी आजवर ऐकलेला नव्हता. त्यांचं पेन थांबलं. मग त्यांनी तोही लिहिला, आणि कोणी न सांगता सगळं परत वाचून दाखवलं.

"बरोबर," जयवंतराव म्हणाले. सही करताना वहिनींना त्यांचं बोट धरून जागेवर ठेवावं लागलं.

"मला पटलं, भावजी," कागद घडी करत वहिनी म्हणाल्या. "मला पटतच होतं. पण हा दाखवू कोणाला? तुमची माफी वाचली त्याच दिवशी नातवाने ह्यांचा फोटो दिवाणखान्यातून काढला. कपाटावर ठेवलाय, तोंड भिंतीकडे. मी लावते, तो पुन्हा काढतो. म्हणतो, आजी, त्यांच्या मित्रानेच कबूल केलं ना? आता तुम्ही उलटं लिहिलंत तर म्हणेल, बघ, इंगळे आजोबांचा गोंधळ होतोच." त्या जिना उतरून गेल्या. जयवंतराव त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले नाहीत, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

संध्याकाळी प्रतिमा वाण्याची यादी घेऊन खुर्चीपाशी आली. साखर, मीठ, कपडे धुवायची पावडर. सवयीने तिने कागद वर धरला आणि वाचायला तोंड उघडलं.

"राहू दे," जयवंतराव म्हणाले. "काय लिहायचं ते लिही."