परतूरची कप्तान

षटक सुरू होण्याआधी ती जागच्या जागी एकदा पूर्ण गोल फिरते. टीव्हीवर तुम्हीही पाहिलं असेल. समालोचक म्हणतात, कप्तान क्षेत्ररचना तपासते आहे. तसं नाही. ती चेहरे बघते. एकेकीकडे बघून हनुवटी किंचित वर करते आणि समोरून मान हलली की पुढचीकडे वळते. तिच्या ओठांवर एकच शब्द असतो. टीव्हीवर तो ऐकू येत नाही, पण शाळेच्या मैदानावर मी तो इतक्यांदा ऐकलाय की मला तो दिसतो. "बराबर?"

मी परतूरच्या शाळेत भूगोल शिकवते. आमच्याकडे खेळाच्या शिक्षकाची जागा रिकामी होती आणि मुलींच्या संघाबरोबर कुणी बाईमाणूस हवं होतं, एवढाच माझा क्रिकेटशी संबंध. "मॅडम, तुम्ही फक्त सोबत जा," मुख्याध्यापक म्हणाले होते. ती तेव्हा आठवीत होती. गावाबाहेरच्या वस्तीवरून सायकलवर यायची. घरी मेंढरं आणि थोडासा कोरडवाहू कापूस. दिवाळी झाली की तिचे अप्पा मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाने निघायचे, ते उन्हाळा सरताना परतायचे.

संघाची कप्तान तीच, आणि संघात एक मुलगी कमी पडत होती. तिने रेहानाला आणलं. रेहाना जाड चष्म्याची, वर्गात पहिली येणारी, चेंडू दिसला की डोळे मिटणारी. मी म्हटलं, "अगं, हिला खेळता येत नाही."

"येईल मॅडम. ती घाबरून राह्यली, पण पळून न्हाई गेली. बघा ना, अजून हितंच हाय."

जालन्याच्या सामन्यात शेवटी रेहानाच्या हातातून झेल सुटला आणि आम्ही हरलो. परतीच्या एसटीत तिच्या शेजारी कुणी बसेना. मागच्या बाकावरून टोमणे सुरू झाले. तेव्हा ही उठली आणि हलत्या गाडीत दांडा धरून उभी राहिली.

"कॅच तिनं सोडला. पण तिला तिथं उभं कुणी केल्तं? मी. मंग मला बोला."

मग ती रेहानाजवळ जाऊन बसली. "बॉल दिसला न्हाई का तुला?"

"सूरज सामने था. चष्म्यावर चमकून राह्यला होता."

ती हळूच म्हणाली, "मी इचारायला पाहिजे व्हतं." दुसऱ्या दिवशीच्या सरावापासून ती गोल फिरून प्रत्येकीला विचारू लागली. तेरा-चौदा वर्षांच्या काही मुली, काटेरी बाभळींनी वेढलेलं मैदान, आणि मधोमध एक पोर सगळ्यांना विचारतेय, बराबर? मला क्रिकेट कळत नव्हतं, पण आपण काहीतरी वेगळं पाहतोय हे मला त्या दिवशी कळलं.

जालन्याचा तो हरलेला सामना निवड करणाऱ्या एक बाई बघत होत्या. त्यांनी हिला संभाजीनगरला बोलावलं. तिथलं वसतिगृह, मग राज्याचा संघ, मग देशाचा. सांगताना एका ओळीत मावतं, पण त्यात तिची सगळी कोवळी वर्षं गेली. परदेश दौरा ठरला की तिचा फोन यायचा. "मॅडम, तिथं वारा कुठून येतो?" मी घाईघाईने पुस्तकं काढून समुद्रप्रवाह वगैरे सांगू लागायची. ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "ते बराबर हाय. पण दुपारी कुठून येतो?"

एका दौऱ्यात मात्र सगळं बिनसलं. तिकडच्या उंच गोलंदाज छातीवर उसळणारे चेंडू टाकू लागल्या आणि ही डावामागून डाव तशीच बाद होत गेली. तिला संघातून काढलं. उन्हाळ्याच्या शेवटी ती वस्तीवर परत आली. मला वाटलं, संपलं.

रविवारी मी तिला भेटायला गेले. मेंढरांच्या वाड्यामागे तिने जमीन चोपून पट्टी केली होती. ती बॅट घेऊन उभी आणि समोरून चेंडू फेकत होते अप्पा. भरकटलेल्या मेंढीला वळवायचं तर तिच्या नाकासमोर दगड पडला पाहिजे आणि तिला लागता कामा नये. जन्मभर हेच केल्याने अप्पांचा हात विलक्षण होता. चेंडू सूं करत यायचा, पण दरवेळी तिच्या अंगापासून वीतभर दूर.

"अप्पा, अंगावर टाका."

"टाकून राह्यलो की."

"न्हाई. तुम्ही बाजूनं टाकून राह्यले. छातीवर टाका."

"जन्मभर लागू न्हाई असं फेकलं. आता लेकीला लागंल असं फेकू?"

"तिकडं त्या फेकतेत ना. त्यांनी फेकण्याच्या आधी तुम्ही फेका."

अप्पांनी चेंडू हातात फिरवला. आणि फेकला. तो तिच्या बरगडीवर बसला. आवाज मला बाजेवर बसल्या जागी ऐकू आला. ती गुडघ्यावर बसली. तिची आई चुलीपासून धावत आली. अप्पा पाठ फिरवून चालू लागले होते, खांदे हलत होते त्यांचे. ती उठली, चेंडू उचलला, बरगडी दाबत त्यांच्यामागे गेली आणि चेंडू त्यांच्या हातात ठेवला.

"अजून एक."

त्या पावसाळ्यात ते बापलेक रोज तेच करत होते. आई घरात जाऊन बसायची, तिला बघवत नसे. हळूहळू बॅटीचा आवाज वाढला आणि दुसरा आवाज कमी झाला.

पुढचं तुम्ही पाहिलंच आहे. ती संघात परतली आणि छातीवरचे चेंडू सीमेपार मारू लागली. जुन्या कप्तान निवृत्त झाल्या तेव्हा तिच्याहून अनुभवी खेळाडू संघात होत्या, तरी निवड तिची झाली. परतूरला फटाके वाजले, मोंढ्याच्या बाजारात पेढे वाटले गेले. फार्मसी शिकून आता भोकरदनला दुकान चालवणाऱ्या रेहानाचा फोन आला. नुसती रडत होती.

कप्तान म्हणून तिचा पहिला सामना आम्ही शाळेच्या सभागृहात मोठ्या पडद्यावर लावला. अप्पांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली. राष्ट्रगीत सुरू झालं, सगळे उठलो. पडद्यावर तिचा चेहरा आला तेव्हा मला गीताचे शब्दच आठवेनात, नुसती बघत राहिले. राष्ट्रगीत संपलं, सगळे बसलो. अप्पा उभेच.

मागून मुली ओरडल्या, "अप्पा, दिसंना!"

ते निमूटपणे बाजूच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले. मी खुर्ची तिकडे नेली. "अप्पा, बसा. हे लई वेळ चालतं."

"ती उभी हाय ना तिकडं उन्हात," ते म्हणाले.

आमची क्षेत्ररक्षणाची पाळी पहिली होती. ते उभे. मधल्या सुट्टीत पाणी प्यायले, तेही उभ्यानेच. मग ती सलामीलाच फलंदाजीला उतरली आणि शेवटपर्यंत टिकली. सामना आपण जिंकलो, ते तुम्हाला ठाऊकच आहे. मुली बाकांवर चढून नाचत होत्या. कुणीतरी अप्पांच्या डोक्यावर गुलाल टाकला. पडद्यावर ती सगळ्यांशी हात मिळवत पायऱ्या चढून आत गेली आणि जाहिराती लागल्या.

तेव्हा अप्पा माझ्याकडे वळले. "गेली का आत?"

"गेली."

"मंग बसू का आता?" त्यांनी विचारलं.