कोपरा मागे उभा राहिला

कोपरा बोलायला लागला की समोरच्याचं मनगट धरायचा. ओळख असो वा नसो. इंडियन ग्रोसरीतल्या काउंटरवरच्या काकांचं धरायचा, युनिव्हर्सिटीतल्या प्राध्यापकांचं धरायचा, आणि एकदा तर पार्सल कुठं ठेवायचं हे सांगताना त्यानं आमच्या टपालवाल्या बाईंचं धरलं. त्या बिचाऱ्या हात न सोडवता सगळं ऐकून घेत राहिल्या. माझा नवरा संजय म्हणायचा, "याच्याशी गप्पा मारल्या की बीपी मोजून घेतल्यासारखं वाटतं." मी दोन-तीनदा समजावलं, की बाबा रे, या देशात असं कुणाला धरत नाहीत. तो "हाव ताई" म्हणायचा, आणि म्हणता म्हणता माझंच मनगट धरायचा.

त्याचं खरं नाव प्रज्ञाशील. वर्ध्याजवळच्या एका गावाहून तो मास्टर्स करायला आला आणि पिस्कॅटवे गावातल्या आमच्या घरात खालच्या खोलीत दोन वर्षं राहिला. पहिल्या दिवशी संजयनं विचारलं, "तू काय करतोस?" विषय कोणता घेतलाय, एवढंच त्याला विचारायचं होतं. हा ताठ बसून म्हणाला, "मी डावा कोपरा." म्हणजे कबड्डीत बचावाच्या डाव्या टोकाला उभा राहणारा गडी, चढाई करणाऱ्याचा घोटा पकडणारा. त्या दिवसापासून तो आमचा कोपराच झाला. आमची मुलगी रेवासुद्धा त्याला कोपरादादा म्हणायला लागली.

मनगटाचं कोडंही त्याच दिवशी सुटलं. कबड्डीत बचाव करणारे शेजाऱ्याचा हात धरून साखळी करतात. कोपऱ्याच्या शेजारी त्याचा मोठा भाऊ असायचा. तोंडानं काही बोलायचं नाही, चढाई करणारा ऐकेल. भावानं हात एकदा दाबला की थांबायचं, दोनदा दाबला की झडप घालायची. वयाच्या दहाव्या वर्षापासून हे असं चाललेलं. मग भाऊ वीज मंडळात लागला, आणि धाकट्याला त्यानं हट्टानं इकडे पाठवलं.

पहिला हिवाळा त्याला फार जड गेला. क्लासहून यायचा, जेवायचा आणि खाली जाऊन पडायचा. तीन वेळा मला म्हणाला, "ताई, मी वापस जातो." तिसऱ्या वेळी बॅग भरलेली होती. मी त्याला चार गोष्टी सुनावल्या, भावाला फोन लावून दिला, आणि बॅग आमच्या कपाटात ठेवून घेतली. पण मला आतून भीतीच होती. माझ्या माहितीतली दोन मुलं अशीच डिग्री अर्धवट टाकून परत गेली होती, आणि दोघांनीही नंतर कुणाशी संबंध ठेवला नाही.

एप्रिलात त्याला रग्बी लीग सापडली. ग्रोसरी आणायला म्हणून गेला आणि तीन तासांनी गुडघे फोडून, हिरवी पँट करून परत आला. पार्कमध्ये काही लोक एकमेकांना धरून पाडत होते, हा कुंपणाशी उभा राहून बघत होता, त्यांनी आत बोलावलं. "ताई, हे कबड्डीच आहे," तो म्हणाला, "फक्त मधात एक बॉल घुसला." एका बाजूला तेरा जण, लांबट बॉल घेऊन पळायचं, पास फक्त मागे द्यायचा आणि समोरच्यांनी धरून आडवं करायचं, एवढं मला कळलं. त्या रात्री तो पाच पोळ्या जेवला. कोथिंबीर मात्र आणली नव्हती.

संघानं त्याला मधल्या रांगेत घेतलं, कारण पकडीत त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पण पहिल्याच सरावात त्यानं गोंधळ घातलाच. समोरून बॉल घेऊन माणूस येताना दिसला, आणि यानं सवयीनं शेजारच्याचा हात घट्ट धरला. शेजारी होता मार्कस, दिवसा ट्रकमधून फर्निचर पोचवणारा सव्वासहा फुटी माणूस. मार्कसनं हाताकडे बघितलं, याच्याकडे बघितलं, आणि हात तसाच राहू दिला. नंतर मार्कसला सवय झाली. मॅचच्या आधी तो आपणहून हात पुढे करायचा, आणि ती बाजू फोडून कुणी आत जायचं नाही.

जुलैत मात्र गाडी अडली. संघाचा फुलबॅक, म्हणजे सगळ्यांच्या मागे एकटा उभा राहणारा खेळाडू, नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेला. कोच निवृत्त फायर ब्रिगेडवाला, कमी बोलणारा. तो म्हणाला, शेवटचा माणूस पकड न चुकणारा हवा, तेव्हा हा मागे जाईल. मधल्या जागेवर त्यानं दुसरा मुलगा घेतलासुद्धा. कोपरा घरी आला तो बढती मिळाल्याच्या आनंदात. आम्ही शिरा केला.

त्याला काय मिळालंय ते पहिल्या मॅचमध्ये कळलं. मागे उभ्या राहणाऱ्याला तीन कामं. समोरचे उंच बॉल मारतात, ते झेलायचे. सगळे चुकले तर शेवटची पकड आपण करायची. आणि पूर्ण मैदान फक्त आपल्यालाच दिसतं, म्हणून पुढच्या बारा जणांना ओरडून सांगायचं, कोण कुठून घुसतोय. कोपरा यातलं एकही करेना. हळूहळू पुढे सरकत सरकत तो मार्कसच्या पाठीशी जाऊन उभा राहायचा. मी मैदानाच्या कडेला घडीची खुर्ची टाकून पोह्यांचा डबा धरून बसलेली. रेवा शेजारून म्हणाली, "आई, ही'ज टू क्लोज." तेवढ्यात बॉल त्याच्या डोक्यावरून गेला. रिकाम्या मैदानात तो मागे धावला, पण पोचला नाही.

दुसऱ्या मॅचमध्ये तो जागेवर उभा राहिला, तर बॉल छातीवर आपटून उडाला. एकदा नाही, दोनदा. "मी जिंदगीभर लोकांचे पाय पाह्यले, ताई," गाडीत तो म्हणाला. "आता हे म्हणतेत आभाळ पाहा." मग संजय रोज संध्याकाळी घरामागच्या उंच लाकडी डेकवर उभा राहून खाली अंगणात बॉल टाकायला लागला. आठवड्याभरात माझी मेथी भुईसपाट झाली, पण झेलणं सुधारलं. तोंड मात्र उघडेना. इंग्लिशमध्ये ओरडायचं तर शब्द येईपर्यंत माणूस पुढे निघून गेलेला असायचा, असं त्याचं म्हणणं. मला ते अर्धंच खरं वाटत होतं.

तिसऱ्या मॅचनंतर कोचनं त्याला बाजूला घेतलं. अजून एक मॅच देतो, नाही जमलं तर बाकावर बसावं लागेल, मधली जागा आता रिकामी नाही. कोपरा घरी येऊन शांतपणे आंघोळ करून आला आणि माझ्यासमोर बसला. पहिल्यांदाच त्यानं मनगट धरलं नाही.

"मी सोडतो, ताई."

"गेम?"

"हाव. अन् माही बॅग द्या कपाटातली."

 मला राग आला, आणि मी राग लपवणाऱ्यातली नाही. म्हटलं, "बॅग देणार नाही. उद्या बुद्धवंदना आहे, पंचवीस माणसं येणार आहेत, खुर्च्या कोण लावणार?" हे काही उत्तर नव्हतं, पण त्या वेळी दुसरं सुचलं नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे आसपासची कुटुंबं बुद्धवंदनेला जमतात. एडिसन गावचे वाघमारे काका सुरुवात करतात. काकांचा आवाज थकलेला, मुलं इकडेतिकडे बघतात, कुणी शब्द विसरतं, आणि दुसऱ्या ओळीपर्यंत तीन गट तीन चालींत म्हणत असतात. त्या दिवशीही तसंच झालं. आणि नेहमीसारखाच सगळ्यांच्या मागून, दाराशी उभ्या असलेल्या कोपऱ्याचा आवाज उठला. स्वच्छ, खणखणीत, घाई न करता. पंचशील संपेपर्यंत वाघमारे काकांपासून रेवापर्यंत सगळे एका लयीत आले होते. गावातल्या विहारात तो लहानपणापासून हे करत आला होता. इतके महिने मी हे ऐकत होते, पण मागे वळून बघितलं त्या दिवशी. त्याचे दोन्ही हात जोडलेले होते.

लोक जेवायला बसल्यावर मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "आता वंदनेला तू कुणाचा हात धरला होतास?"

"हात जोडून राहते ना ताई, कोणाचा धरणार?"

"मग पंचवीस माणसं सांभाळलीस कशी? मागे उभा राहून?"

 त्यानं हातातला वरणाचा डाव पातेल्यात ठेवला. मग म्हणाला, "पण तिथं इंग्लिश नाही लागत."

"मग मराठीत ओरड. त्या मार्कसला तुझा हात कळला, डावा-उजवा कळणार नाही?"

पुढच्या शनिवारी मी पोहे नेले नाहीत. सकाळी करायचं सुचलंच नाही. खेळ सुरू झाला आणि पाच मिनिटं मागून आवाजच नाही. मग एकदम आला. "मार्कस, डावा! डावा घे!" मार्कसनं मान वळवून बघितलं, आणि डावीकडे सरकला. तिथूनच माणूस घुसत होता. त्यानंतर कोपरा थांबलाच नाही. उजवा, मागं, पाय धर, सरक बे. अर्ध्या खेळापर्यंत बारा जणांना एवढी मराठी येत होती. उंच बॉल आला तेव्हा मान वर करून तो "माहा!" म्हणून ओरडला आणि बॉल पोटाशी धरून बसला. शेवटी शेवटी समोरचा एक जण सगळ्यांना चुकवून सुटला, त्याच्या आणि रेषेच्या मध्ये फक्त आमचा मुलगा. या वेळी तो पुढे धावला नाही. थांबला, पाय बघितले, आणि वर्ध्याचा डावा कोपरा घोट्याला लटकला. तो माणूस धाडकन खाली आला.

मॅच आम्ही हरलो, थोडक्यात. पण कोच जाता जाता त्याच्याजवळ थांबला, खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, मंगळवारी सरावाला भेटू. बस, एवढंच. माझ्या जिवात जीव आला. मी खुर्चीची घडी घालता घालता रडले, रेवा म्हणाली, "आई, वी लॉस्ट," मी म्हटलं, हो बाळा, माहितेय. घरी जाऊन मी ती बॅग कपाटातून काढली आणि त्यात जुनी ब्लँकेट्स भरून माळ्यावर टाकली.

त्यानंतर दुसऱ्या वर्षी तो पूर्ण सीझन मागेच खेळला. डिग्री झाली, दूर दुसऱ्या राज्यात, नोव्हायला, गाड्यांच्या एका कंपनीत नोकरी लागली. निघायच्या दिवशी मार्कस आपल्या ट्रकच्या वेळा सांभाळून येऊन गेला. दोघं दारात हात धरून उभे होते, आणि मार्कस त्याला मराठीत "सरक बे" म्हणाला. कोपऱ्यानं संजयचं मनगट धरलं, रेवाचं धरलं, माझं बराच वेळ धरलं. त्याची ती बॅग मी धुऊन, आत लाडवांचा डबा ठेवून त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली.

गाडी निघाली. मी हात हलवत हलवत कधी रस्त्याच्या मध्यावर गेले, मला कळलंच नाही. गल्लीच्या टोकाला स्टॉप साइनपाशी तो थांबला. माझे डोळे भरून आले होते, नीट काही दिसत नव्हतं. तेवढ्यात तिकडून खिडकीतून आवाज आला, मैदानावरचा तोच.

"ताई, मागं सरका. डावीकडून गाडी."

मी मागे सरकले. टपालवाल्या बाईंची गाडी डावीकडून गल्लीत वळून माझ्या समोरून गेली, त्यांनी हात केला, मीही केला. तोवर तो वळून गेला होता.