पाणवठ्याची विहीर आणि आमचा ऊस

लग्नाला सहा वर्षं झाली होती तेव्हा विहिरी मोजायचा टेप माझ्या हातात आला. आमचं गाव मुरुडपासून फार लांब नाही. बचत गटाच्या बैठकीला तालुक्याहून एक बाई आल्या होत्या. म्हणाल्या, गावातल्या विहिरींचं पाणी दर पंधरा दिवसांनी मोजून लिहून ठेवणारी एक बाई पाहिजे. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण गटात बारावीपर्यंत सायन्स शिकलेली मी एकटीच होते.

अकरा विहिरी होत्या. काठावर उभं राहून वजन बांधलेला टेप खाली सोडायचा, पाण्याला लागल्याचं हाताला कळतं, तिथं थांबायचं आणि आकडा वहीत लिहायचा. सुरुवातीला लोक हसायचे. एक म्हातारे तर दर वेळी विचारायचे, "काय सूनबाई, विहिरीचा ताप उतरला का?" मीही सांगायची, "हाव आजोबा, आज जरा बरं हाय."

घरात मात्र सासरे कधी हसले नाहीत. त्यांना मी मामा म्हणते. ते फार कमी बोलत. मी नवी नवी आले तेव्हा भांडी घासताना नळ तसाच सोडून द्यायची, कारण माझं माहेर नांदेडजवळ, विष्णुपुरीच्या धरणाच्या फुगवट्याकाठी. गोदावरीचं भरलेलं पाणी अंगणातून दिसायचं. पाणी जपून वापरायचं असतं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. मामांनी मला एका शब्दानं टोकलं नाही. एके सकाळी मोरीच्या तोंडाशी त्यांनी एक बादली आणून ठेवली. साचलेलं पाणी ते स्वतः उचलून कढीपत्त्याला नेऊन घालू लागले. चार दिवस मी बघितलं, पाचव्या दिवसापासून नळ आपोआप बंद व्हायला लागला.

मामांचा दिवस लिंगपूजेनं सुरू व्हायचा. पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटही घेत नसत. पूजेला पाणी मात्र घरच्या बोअरचं चालत नसे, गावच्या पाणवठ्याच्या विहिरीचं लागायचं. तांब्या घेऊन ते स्वतः जायचे. ही विहीर आमच्या शेताच्या बांधाला लागूनच आहे. अख्खं गाव तिचं पाणी पितं.

त्या बांधाच्या अलीकडं आमचा ऊस होता. अडीच एकर. मामांचा जीव होता त्या उसावर. सोयाबीनला भाव मिळेल का नाही ते कुणी सांगू शकत नाही, पण ऊस तुटला की कारखान्याला गेला, अशी त्यांची समजूत होती आणि ती खोटीही नव्हती. त्याच उसाच्या जोरावर नणंदेचं लग्न झालं, आमच्या ह्यांचं शिक्षण झालं.

मोजायला लागल्याच्या दुसऱ्या चैत्रात उसाला पाणी देणाऱ्या आमच्या बोअरची मोटार जळाली. ती वर काढून मुरुडला वाइंडिंग भरायला नेली आणि यायला आठ दिवस लागले. मामा अस्वस्थ होते, उसाची पानं दुपारची सुकून जायची. त्याच आठवड्यात माझी मोजायची पाळी आली. बाकीच्या दहा विहिरी खाली गेल्या होत्या. पाणवठ्याची विहीर तेवढी दीड हात वर आली होती. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. टेप पुन्हा सोडला, तिसऱ्यांदा सोडला. आकडा तोच.

मोटार आली, बोअर सुरू झाला. चौथ्या दिवशी मी पाळी नसताना विहिरीवर गेले. पाणी दोन हात खाली.

त्या दिवशी मी वहीत काही लिहिलं नाही. घरी आले, भाकरी थापल्या, मुलीची वेणी घातली, पण मन थाऱ्यावर नव्हतं. हे मुरुडला खताच्या दुकानात कामाला आहेत. ते आल्यावर त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझं काम मोजायचं. मोज. कुणाच्या मोटारीनं काय झालं ते सांगत बसू नको. माझ्या बापाला ह्या वयात गावापुढं उभं करणार का तू?"

त्यांचं चुकत होतं असं मला वाटलं नाही. माझ्याच बापाचं मी बघितलं होतं. फुगवट्यावर बाबांची मोटार होती आणि केळीची बाग होती. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की शहराला प्यायला पुरावं म्हणून काठच्या मोटारींची वीज बंद व्हायची. शहरातल्या लेकरांना पाणी लागणारच, ते बाबांनाही कळत होतं. पण एका वर्षी केळीला घड लागले असताना वीज बंद झाली, आणि बाबा बागेत जाऊन एकेका झाडाला हात लावून आले. पाणी गेल्याचं दुःख त्यांनी गिळलं. एकच वाक्य ते पुढं कितीतरी वर्षं म्हणत राहिले, "आम्हाला आधी कुणी विचारलं असतं तर आम्ही केळी लावलीच नसती."

ते वाक्य मला झोपू देईना. तिसऱ्या दिवशी सकाळी मामा पूजेसाठी तांब्या घेऊन निघाले तेव्हा मी टेप घेऊन त्यांच्यामागं गेले.

"मामा, एक मागू का?"

"माग की."

"चार दिवस बोअर बंद ठेवा. आणि रोज सकाळी माझ्यासंगं विहीर मोजायला या."

ते थांबले. का, असं त्यांनी विचारलं नाही. माझ्या तोंडाकडं नीट बघितलं आणि म्हणाले, "ऊस वाळंल."

"चार दिवसांनी वाळत न्हाई, मामा. मोटार जळाली तेव्हा आठ दिवस तगला होता."

चार दिवस त्यांनी बोअर बंद ठेवला. रोज सकाळी टेप त्यांच्या हातात द्यायची आणि आकडा मी वाचायची. पहिल्या दिवशी फरक नव्हता. दुसऱ्या दिवशी चार बोटं पाणी चढलं. चौथ्या दिवशी हातभर. टेप गुंडाळून त्यांनी माझ्याकडं दिला आणि विहिरीच्या काठावर बसले. बायका पाणी शेंदायला येत होत्या, त्यांना वाट देत होते. पूजेचा तांब्या तसाच रिकामा बाजूला होता.

मग म्हणाले, "हे तुला कधी मालूम झालं?"

"मोटार जळाली तेव्हा."

"वहीत लिवलंस?"

"न्हाई."

"का न्हाई?"

माझे डोळे भरून आले. ते उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. लग्नानंतर सात-आठ वर्षांत पहिल्यांदाच.

"लिव," म्हणाले. "पाणी लपवून ठेवायची चीज हाय का? आज ना उद्या दिसणारच. मी रोज हितून पूजेला पाणी नेतो पोरी, आणि त्याच पाण्याला खालून भोक पाडून बसलोय."

ग्रामसभेत मी वही घेऊन गेले होते, पण मला उठावंच लागलं नाही. मामा स्वतः उभे राहिले. त्यांना भाषण येत नव्हतं. त्यांनी एवढंच सांगितलं की माझा बोअर चालला की तुमची विहीर उतरते, सुनेनं मोजलंय, मी माझ्या हातानं मोजलंय. सभेत एकदम गलका झाला. मागून कुणीतरी म्हणालं, उद्याच बोअर बंद करा. दुसरा म्हणाला, त्या बाजूला अजून तिघांचे बोअर आहेत, त्यांचंही कनेक्शन तोडा. ते तिघे उठून उभे राहिले. शब्दाला शब्द लागायला लागला.

तेव्हा मात्र मी उठले. मी माझ्या बापाच्या केळीची गोष्ट सांगितली. म्हटलं, पाणी गावाला मिळालंच पाहिजे, पण उभं पीक असताना एका दिवसात तोडू नका. ज्याचं पाणी घ्यायचं त्याला विचारा, आणि त्याच्या शेताचं काय होणार ते आपणच मिळून बघू.

सभा जरा निवळली. आमच्या गटातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाई खाली बसूनच म्हणाल्या, "हे चौघं पाणी सोडतील. आपण काय सोडणार ते सांगा आधी."

त्या एका वाक्यानं सभेचं वळण बदललं. दुपार कलेपर्यंत लोक बसले. असं ठरलं की उभा ऊस आहे तो तुटेपर्यंत राहू द्यायचा, पण एक सरी सोडून एक सरी पाणी द्यायचं आणि पाचट न जाळता सरीत पसरायचं, म्हणजे ओल टिकते. तोडणीनंतर खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांवरचा दुसरा ऊस, ठेवायचा नाही. होळीपासून पाऊस पडेपर्यंत विहिरीजवळचे चारही बोअर फक्त जनावरांपुरते चालवायचे. त्याच्या बदल्यात घरटी एक माणूस चार दिवस येऊन वरच्या ओढ्यातला गाळ काढेल, तो गाळ आधी ह्या चौघांच्या शेतात पडेल, आणि बचत गटाकडच्या तुषार सिंचन संचाची पहिली पाळी त्यांच्या हरभऱ्याला मिळेल. चौघांपैकी तिघांनी मान डोलावली. चौथे आमचे बांधाचे शेजारी, मामांच्या बरोबरीचे. ते उठून निघून गेले.

ऊस पौषात तुटला. तोडणीवाले गेल्यावर मामा दोन दिवस त्या रानात फिरत राहिले. बुडख्यांना फुटवे फुटायला लागले होते. ट्रॅक्टर आला तेव्हा ते शेतात थांबले नाहीत. घरी येऊन आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, म्हणाले, "चहा कर." चहा झाला तरी तो तसाच निवत राहिला.

पहिलं वर्ष सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. गाळ पडला, तूर आणि सोयाबीन चांगलं आलं, पण हरभऱ्यावर घाटे अळी पडली. मामा चिडचिडे झाले. ताटावर बसले की म्हणायचे, "ऊस असता तर हे बघावं लागलं नसतं." मी भाकरी वाढत राहायची. एकदा आत्याच म्हणाल्या, "तुम्हीच उठून बोललाव ना सभेत? आता सुनेला का ऐकवून राहिलाव?" दुसऱ्या दिवशी ते माझ्यासाठी शेतातून हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून घेऊन आले. माफी मागायची त्यांची तीच रीत.

त्या उन्हाळ्यात टँकर आलाच नाही असंही नाही. आला, पण आधी चैत्र संपायच्या आत यायचा, तो ज्येष्ठाच्या तोंडावर आला. बायकांचा दीड महिना वाचला. दीड महिना म्हणजे काय, ते डोक्यावर घागरी घेऊन रांगेत उभं राहिलेल्यांनाच कळतं.

बाबा त्याच उन्हाळ्यात मला भेटायला आले. मामा त्यांना विहीर दाखवायला घेऊन गेले. मी मागं होते. मामांनी पोहरा सोडला, पाणी काढलं आणि बाबांच्या ओंजळीत ओतलं. बाबा प्याले. तोंड पुसत म्हणाले, "पाव्हणं, तुम्हाला जड गेलं असंल."

"गेलं की," मामा म्हणाले. "पण आम्हाला विचारलं लोकांनी. तुमच्या लेकीनं विचारायला लावलं."

बाबांनी माझ्याकडं बघितलं नाही. विहिरीत वाकून पाण्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडं बी आता दिवाळीच्या आधी बसावं लागंल. सगळ्या काठावाल्यांनी. पाणी किती हाय ते बघून केळी किती लावायची ते ठरवावं." पुढच्या वर्षी ते बसले. काठावरचे सगळे आले नाहीत, निम्मे आले. बाबांनी बाग निम्मी केली आणि निम्म्यात हळद घेतली. फोनवर मला म्हणाले, "औंदा झोप लागते बघ."

आमचे शेजारी मात्र दोन उन्हाळे बोअर चालवत राहिले. वहीत ते दिसायचं. गावातले काही जण म्हणाले, त्यांचं नाव ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. मामांनी नको म्हटलं. ते संध्याकाळी शेजाऱ्यांच्या ओट्यावर जाऊन बसायला लागले. बैलाचं बोलायचे, कंबरेच्या दुखण्याचं बोलायचे, पाण्याचा विषय काढायचे नाहीत. मी एकदा विचारलं, "मामा, त्यांना सांगत का न्हाई?"

"त्याला काय मालूम न्हाई का?" ते म्हणाले. "त्याला दोन्ही लेकरं पुण्याला गेल्यापासून ऊसच सोपा पडतो. दुसरं पीक म्हणजे माणसं लागतात. तो पाण्याला न्हाई, एकटेपणाला भिऊन राहिलाय."

ते ऐकून मला माझ्या वहीची जरा लाज वाटली. आकडा बरोबर होता, पण आकड्यामागचा माणूस मी बघितलाच नव्हता. आम्ही गटातल्या बायकांनी निरोप पाठवला, तुमची तूर आम्ही खुरपू, तुमच्या सवडीनं आमच्या रानाला बैल द्या.

गेल्या होळीनंतर आठवड्यानं मी पाणवठ्याची विहीर मोजत होते. शेजारी बांधावरून सावकाश चालत आले. टेप कसा सोडतात ते बघत उभे राहिले. मग म्हणाले, "माझा बोअर बंद हाय पाच दिवसांपासून. काही फरक दिसतोय का?"

मी आकडा वाचून दाखवला. ते ऐकून त्यांनी मान हलवली, डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि म्हणाले, "तुझ्या मामाला सांग, सांजच्याला मी येतो म्हणून. दर वेळी त्यानंच यावं असं काय हाय?"