त्याले ग्रुपमधून काढू नका

राजापेठेतल्या आमच्या गल्लीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पिको-फॉलवाल्या ताई चालवतात. त्या कधीच टाईप करत नाहीत. शिलाई मशीन चालवता चालवता बोलतात, म्हणून त्यांचा प्रत्येक निरोप खडखडाटासकट येतो. सुरुवात ठरलेली, "आयका."

गल्लीतल्या काही पोरांनी टोळी केली आहे. त्यांचा म्होरक्याही याच ग्रुपमध्ये आहे. गाड्यांच्या काचा फुटायला लागल्या तेव्हा मी दुकानात जाऊन म्हटलं, "ताई, त्याले काढून टाका ना. मंग मोकळं बोलता येईन."

"काहून?" मशीन न थांबवता त्या म्हणाल्या. "पाठीमागं तं आपण रोजच बोलून राहिलो. त्याच्यासाठी ग्रुप कायले पाह्यजे?"

त्यांचा हा हेका मला धोक्याचा वाटायचा.

परवा त्या पोरांनी भर चौकात तलवारीनं वाढदिवसाचा केक कापला आणि जाता जाता अंडेवाल्याची हातगाडी उलटवली. संध्याकाळी खडखडाट आला. "आयका. गाडी कोनं पाडली ते मी पाह्यलं." ताईंनी म्होरक्याचं सरळ नाव घेतलं. "सकाळी ठाण्यात सांगाले जातो. आनखी कोनं पाह्यलं असन तं इथंच लिहा."

सगळ्यांनी ऐकलं, लिहिलं कोणीच नाही. म्होरक्यानं तेवढा हसणारा इमोजी टाकला. मी फोन पालथा ठेवला.

बऱ्याच वेळानं तो वाजला. "मी बी पाह्यलं." लिहिणारी म्होरक्याची आई होती.

लगेच ताईंचा निरोप आला. पहिल्यांदाच त्यात मशीनचा आवाज नव्हता.

"वैनी, सकाळी संगंच जाऊ."