पलीकडे न्यायला निघालेले आमदार

विषय काहीही असो, हेर (म्हणजे श्रीयुत) ब्रेंडेल भाषणाचा शेवट एकाच वाक्याने करायचे: "आणि आमचं गाव माइन्त्सला परत द्या." शाळेच्या बसवर बोलले तरी तेच, डुकरांच्या साथीवर बोलले तरी तेच. जर्मनीतल्या हेसेन राज्याच्या विधानसभेत ते वीसएक वर्षं आमदार होते आणि तिथे बसून मागणी काय, तर आम्हाला हेसेनमधून जाऊ द्या. महायुद्धानंतर ऱ्हाइन नदीवर हद्द आखली गेली. माइन्त्स शहर पलीकडच्या राज्यात गेलं आणि त्याचंच उपनगर असलेलं आमचं गाव अलीकडे राहिलं. मागणी मान्य झाली असती तर पहिली खुर्ची यांचीच गेली असती. कोणी तसं म्हटलं की स्वारी खूश. "गेनाऊ, अगदी बरोबर. बेकार होण्यासाठीच तर मी निवडून येतो."

ते आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. मी र्युसेल्सहाइमला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. पहिल्याच भेटीत जिन्यात त्यांनी मला हा सगळा इतिहास ऐकवला आणि मला हसू आवरेना. चेष्टा करते असं वाटून ते जरा दुखावले. मग सांगितलं, अहो, मी निपाणीची. घरात मराठी, गाव कर्नाटकात, आणि आमच्याकडचे आमदारही तिकडच्या विधानसभेत जाऊन हेच सांगायचे, आम्हाला महाराष्ट्रात जाऊ द्या.

ब्रेंडेल पायरीवर बसलेच. "मग, झालं?"

"कुठलं होतंय."

माहेरचं माणूस भेटावं तसा त्यांचा चेहरा फुलला. तेव्हापासून ते "आमच्या फ्राउ चौगुले" अशी माझी ओळख करून द्यायचे. त्यांच्या बायको इंगे मूळच्या हेसेनच्या राजधानीतल्या. "आमच्या घरातच अजून एकीकरण झालेलं नाही," असं त्या कॉफी ओतता ओतता म्हणायच्या. निपाणीला बाबांना हे सांगितलं, तर दर रविवारी फोनवर नातीच्याही आधी त्यांची चौकशी: "आपले आमदार काय म्हणतात?"

शेवटच्या निवडणुकीत पक्षाने ब्रेंडेलना बजावलं, या वेळी ते वाक्य सोडा. लोकांना किटा हवी आहे, माइन्त्स नको. किटा म्हणजे इथलं पाळणाघर. ब्रेंडेल मला म्हणाले, "आल्झो, म्हणजे असं बघा, ते वाक्य सोडलं तर माझ्याकडे उरतं काय? टाय." आणि प्रत्येक सभेत ते वाक्य म्हणालेच.

मी नुकतीच जर्मन नागरिक झाले होते. आयुष्यातलं इथलं पहिलं मत. माझी लेक किटाच्या यादीत कुठेतरी तळाला, आणि समोरच्या उमेदवार बाईंनी नव्या किटाचा शब्द दिलेला. मतपत्रिका हातात घेतली आणि बाबा आठवले. जन्मभर त्यांनी एकाच मागणीला मत दिलं आणि दारापुढचा रस्ता प्रत्येक पावसाळ्यात चिखलाचाच राहिला. मला राग आला, कुणाचा ते अजून कळलेलं नाही. मी त्या बाईंच्या नावापुढे फुली मारली.

ब्रेंडेल पडले, तेही थोडक्यात.

चार दिवस मी चोरासारखी जिना उतरत होते. पाचव्या दिवशी शंकरपाळ्यांचा डबा घेऊन त्यांचं दार वाजवलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. रस्त्याचंसुद्धा.

ब्रेंडेलनी आधी डबा उघडला. एक शंकरपाळा खाल्ला, दुसरा उचलला. "फ्राउ चौगुले, या आठवड्यात सगळं गाव मला भेटून गेलं. प्रत्येक जण म्हणतो, मी मत तुम्हालाच दिलं. त्या हिशेबाने मी प्रचंड बहुमताने निवडून यायला हवा होतो." ते पोट धरून हसले. "तुम्ही एकट्याच खऱ्या बोललात. बसा आता. आणि किटा मिळाली नाही तर मला सांगा, त्या बाईंना मी पत्र लिहितो."

मला रडू आलं. इंगेबाईंनी माझ्यापुढे कॉफी ठेवली.

रविवारी फोनवर बाबांना सांगितलं, आपले आमदार पडले.

"तू तरी मत दिलंस ना त्यांना?"

"हो बाबा," मी म्हणाले. "त्यांनाच दिलं."