नकाशातलं गाव

सायकलच्या चेनमध्ये अडकलेल्या ओल्या गाळाचा वास आला, की जिंतूरकडचं ते धरण आठवतं. जीपीएसमध्ये मी मोठ्या हुशारीनं धरणाआधीच्या जुन्या सर्वेवरून केलेला फुकटचा नकाशा टाकला होता आणि त्याचं ऐकत थेट पाण्यात शिरलो. म्हशी धुणारा म्हातारा हसला, “कुठं जायलाय सायेब? पुढं आमचं बुडालेलं गाव हाय.” मी पडद्यावरचं गावाचं नाव दाखवलं, तसं त्याचं हसू थांबलं. “ह्यात अजून हाय?” त्यानं बोट टेकवलं, नकाशा सरकला, तो दचकला. “माय लय थकलीय. एकदा तिला दाखवायला या.” मी हो म्हणालो. घरी येऊन नवा नकाशा टाकला. दोन्ही राहतील, असं या शहाण्याला वाटलं. जुना पुसला गेला, आणि पुन्हा कुठं मिळाला नाही. आता तिथं नुसता निळा रंग दिसतो, आणि ती माय आहे का, हे विचारायला जायची माझी छाती होत नाही.